वाऱ्याची आगोट

३ जून २०२०. टाळेबंदी चालू होती, त्यामुळे नवीन पनवेलच्या आमच्या घरात सगळेच हजर होते. दोन दिवस कुणी टीव्हीसमोरून हललं नव्हतं. ३१ मेला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, २ तारखेच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं, त्याला ‘निसर्ग’ हे बांगलादेशानं सुचवलेलं नाव मिळालं आणि ३ तारखेच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढणार, हे घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ झालं होतं. दुपारी वीज गेली. समोरच्या दोन इमारतींच्या मधून वारा शीळ घालत यायला लागला. मग खालून फुटल्याचा आवाज आला. आमच्या ग्रिलमधली मातीची कुंडी तिसऱ्या मजल्यावरून खाली उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर आपटली होती. थोड्याच वेळापूर्वी त्याच जागी सोसायटीचा रखवालदार उभा होता.

दोन दिवस आम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी पाच कुंड्या आत घ्यायचं एकालाही सुचलं नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. वादळाची बातमी आणि वादळाची तयारी यांच्यात नेमकं काय तुटलेलं आहे?

ही बातमी मिळण्यासाठी आपल्या किनाऱ्यानं फार मोठी किंमत मोजली आहे. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेली माणसं घेऊन ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत काश्याच्या खडकाजवळ वादळी वारा आणि लाटांनी ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. त्यात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावोगावच्या घरांतली माणसं होती. त्या सकाळी बोटीत चढलेल्यांना पुढच्या तासाभरात काय होणार हे सांगणारं कुणीही नव्हतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, चक्रीवादळ थेट मुंबईवर आलं. आजच्या कुठल्याही फोनमध्ये जे ढगांचं चित्र दिसतं, ते तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

तरी किनारा अगदीच बेसावध नव्हता. बंदरांवर बावटा लागायचा. कोळीवाड्यांत ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. हे आकडे अजूनही चालतात. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, तीन आणि चार म्हणजे ते आता बंदरापर्यंत पोचू शकतं. पुढचे आकडे त्याहून मोठ्या धोक्याचे. शेवटचा, अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे, परिस्थिती फार वाईट आहे असं धरून चाला. या पद्धतीतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे आकड्यामागे ठरलेली कृती होती. बावटा दिसला की होडी बाहेर काढायची नाही, काढली असेल तर माघारी आणायची, दोर दुहेरी बांधायचे. बावटा वाचून ‘बघू या काय होतंय’ असं म्हणायची सोय नव्हती.

जमिनीवरच्या घरांकडे असंच एक शास्त्र होतं आणि त्याला आपल्याकडे सुरेख शब्द आहे: आगोट. पनवेल-उरण-अलिबाग पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत वैशाख सरता सरता आगोटीची धांदल सुरू व्हायची. सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवायचे. वर्षाचा मसाला कुटायचा. पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या. सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या. घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायचे. होड्या किनाऱ्यावर ओढून त्याही शाकारायच्या. रोहिणी सरायच्या आत हे सगळं झालेलं असायचं. मृग लागला की आभाळ कधी फाटेल याचा नेम नाही, हे गृहीतच धरलेलं होतं. अंदाज चुकला तरी आगोट वाया जात नसे, कारण ती अंदाजावर उभीच नव्हती.

मग घरं बदलली. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं, वडाळे तळ्याच्या काठचं कौलारू पनवेल आता खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे यांना कवेत घेऊन १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका झालं आहे. कौलं गेली, पडव्या गेल्या, आढी गेली. सिमेंटचं छत आल्यावर आगोटीची गरज संपली असं आपण मानलं. धान्य दुकानात मिळतं, मासळी शीतपेटीत असते, छत गळत नाही. मग तयारी कसली करायची?

पण आजचं घर वाऱ्याला जुन्या घरापेक्षा वेगळ्या जागी उघडं पडलेलं आहे. चाळीस फूट, शंभर फूट उंचीवरची सरकती काच. बाहेर लोंबणारी ग्रिल आणि तिच्यातल्या कुंड्या, सायकली, रद्दी, वातानुकूलन यंत्राचा डबा. गच्चीवर गळती थांबावी म्हणून घातलेली पत्र्याची शेड. टाक्यांची झाकणं. तळघरातली वाहनं. आणि सगळं घर विजेच्या एका तारेवर लटकलेलं: पंप नाही तर पाणी नाही, लिफ्ट नाही तर दहाव्या मजल्यावरच्या आजींना खाली आणायचं कसं, चार्जिंग नाही तर फोन नाही आणि फोन नाही तर इशाराही नाही.

वाऱ्याचं गणित सरळ आहे, पण आपल्याला ते जाणवत नाही. वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला कुरकुरणारा पत्रा १२० ला चारपट जोरानं उचलला जातो. दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळात वारा कोंडतो आणि आणखी वेग घेतो. कौल उडालं तर अंगणात पडायचं. आठव्या मजल्यावरच्या शेडचा पत्रा कुठे जाऊन पडेल ते कुणी सांगू शकत नाही.

‘निसर्ग’ किनाऱ्यावर चढलं ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या झाडांवर पिकते, ती झाडं पिढीत एकदाच लावली जातात. ती एका दुपारी गेली. अलिबाग तालुक्यात विजेचा खांब अंगावर पडून एक माणूस दगावला. हजारो खांब कोसळले आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. पनवेल परिसराला तडाखा त्या मानानं कमी बसला. झाडं पडली, वीज गेली, पत्रे उडाले.

दक्षिण रायगडानं त्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वादळापूर्वी माहितीचा पूर आलेला असतो आणि वादळानंतर ती एकदम आटते. मनोरे पडले, फोन मुके झाले. दिवे-आगरच्या माणसाची खुशाली मुंबईतल्या त्याच्या मुलाला कळेना. म्हणून बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ मी आगोटीच्या सामानात पहिल्या जागी धरतो. मुख्य नातेवाइकांचे नंबर कागदावर लिहून ठेवलेले असावेत, कारण आज आपल्याला स्वतःच्या मुलाचा नंबरही पाठ नसतो.

आता बातमीकडे येतो. ती आज कशी येते आणि कशी वाचायची, हे नीट समजून घेण्याजोगं आहे. भारतीय हवामान विभाग रंगांत इशारे देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. आपल्याकडे लाल रंगाचा अर्थ ‘उद्या शाळेला सुट्टी आहे का’ एवढाच उरला आहे. माझं म्हणणं असं की घराच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा रंग नारिंगी आहे, कारण हाताशी वेळ असतो तो तेव्हाच. लाल उमटेल तेव्हा कुंड्या आत आलेल्या असाव्यात. पावसाचे शब्दही नेमके आहेत. हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, हे आठवलं की या आकड्यांना वजन येतं.

रायगडचा इशारा वाचताना एक गोष्ट पनवेलकरांनी ध्यानात ठेवावी. आपला जिल्हा माथेरानच्या डोंगरापासून श्रीवर्धनच्या पुळणीपर्यंत आणि पार पोलादपूरच्या घाटापर्यंत पसरला आहे. एका रंगात हे सगळं मावत नाही. म्हणून जिल्ह्याचा रंग सकाळी पाहावा आणि वादळी दिवशी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांसाठीचा ‘नाऊकास्ट’ अधूनमधून पाहत राहावं. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे डॉप्लर रडार आहेत. त्यांची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. माथेरानच्या बाजूनं लालसर डाग आपल्याकडे सरकतोय का, एवढं पाहायला हवामानशास्त्र शिकावं लागत नाही. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे; आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का ते दाखवतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप सरकारी इशारे मराठीतही देतं. आणि २०२३ साली सगळ्यांचे फोन एकाच वेळी मोठ्यानं किंचाळले होते, आठवतं? ती थेट मनोऱ्यावरून इशारा पाठवायच्या यंत्रणेची चाचणी होती. घाबरून अनेकांनी ती सूचना फोनमधून बंद करून टाकली. त्यांनी आजच ती पुन्हा चालू करावी.

फोन जवळ नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या टप्प्यात आहे, आत यावं. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. गच्चीवरचे कपडे राहू द्यावेत.

पनवेलला आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती कुठल्याही ॲपपेक्षा जुनी आहे. माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी शहराला लागून खाडीला मिळते. पावसाचं पाणी उतरत असताना खाडीत भरती असेल तर ते जाणार कुठे? कळंबोलीसारख्या सखल भागात सिडकोनं धारण तलाव बांधले ते यासाठीच. भरतीला खाडीकडची झाकणं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. तलावात गाळ साचला की पाणी थांबायला जागा उरत नाही आणि ते रस्त्यावर येतं. भरतीची वेळ ओळखायचं कोळ्यांचं गणित मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर होतं: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण मोठं. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळेला येत असेल, तर तळमजल्यावरच्या माणसानं गाडी आणि कागदपत्रं आधीच वर न्यावीत.

१३ मे २०२४ ची संध्याकाळ मात्र वेगळी होती. ना चक्रीवादळ, ना मोसमी पाऊस. वळवाचं धुळीचं वादळ आलं आणि थोड्या वेळात गेलं. तेवढ्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला. १२० फूट बाय १२० फूट. सतरा माणसं गेली. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्याच्याच खाली थांबले होते. महामार्ग जिथे भेटतात त्या पनवेल-कळंबोलीच्या भागात आपणही रोज अशाच फलकांखालून जातो. फलकाची तपासणी हे प्रशासनाचं काम आहे आणि ते त्यांच्याकडून मागून घेतलं पाहिजे. पण वारा उठल्यावर फलक, झाड, पत्र्याची शेड किंवा बांधकामाची परांची यांच्याखाली आडोशाला थांबायचं नाही, हे प्रत्येक घरानं मुलांना सांगायलाच हवं. अंग भिजलं तर भिजू दे, त्यानं जीव जात नाही.

आपण मराठीत ‘चक्रीवादळ’ या एकाच शब्दात दोन फार वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. समुद्रातलं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवस दिवस चालत येतं. अमेरिकेत ज्याला टॉर्नेडो म्हणतात ती ढगातून जमिनीपर्यंत उतरलेली वाऱ्याची सोंड असते, रुंदी काही शे मीटर, आयुष्य काही मिनिटांचं. आपल्याकडे ती फार क्वचित, पण अशक्य नाही. मार्च १९७८ मध्ये अशीच एक सोंड दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून फिरली आणि अठ्ठावीस माणसं दगावली. पनवेलची कितीतरी मुलं आज टेक्सासमध्ये आहेत. तिथल्या डॅलस शहरात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी भोंगे वाजवून तपासतात. भोंगा खरा वाजला तर सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या, बिनखिडकीच्या, मधल्या खोलीत जायचं हे तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. २० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री त्या शहराच्या उत्तर भागातून जबर टॉर्नेडो गेला. घरं, शाळा, दुकानं उद्ध्वस्त झाली. माणूस एकही दगावला नाही.

आणि हे फक्त श्रीमंत देशाला जमतं असं म्हणायलाही जागा नाही. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ जवळजवळ तितक्याच दणक्यानं आलं तेव्हा मृतांचा आकडा शंभरीच्याही खाली राहिला. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले, निवारे बांधले गेले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावागावांत दार ठोठावणारी माणसं तयार झाली. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाकडे तान्हं मूल आहे, हे माहीत असलेली माणसं.

दार ठोठावणारं कुणी नसेल तर काय होतं ते आपण पनवेलच्या उशाला पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसं कायमची बेपत्ता राहिली. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथवर रस्ता नव्हता. आदल्या दिवसांत पाऊस किती कोसळतो आहे हे खाली सगळ्यांना दिसत होतं. यादीत नाव नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे त्या रात्रीनं सांगितलं. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी जमिनीला नवी भेग, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा पाहिला तर यादीची वाट न पाहता रात्रीच्या आत जागा सोडावी.

मग फ्लॅटमधल्या घराची आगोट कशी असावी? मी आता घरी वर्षातून दोनदा करतो, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि दसऱ्यानंतर. ग्रिल रिकामी करून तिचे बोल्ट हलवून बघतो. टाकीची झाकणं तारेनं बांधून घ्यायला सोसायटीला सांगतो. शेडच्या पत्र्यांचे हूक तपासायला माणूस वर पाठवायला लावतो. कागदपत्रं प्लास्टिकच्या पाकिटात, आठवड्याची औषधं वेगळ्या डब्यात, बॅटरी आणि पॉवर बँक भरलेली. नारिंगी इशारा आला की पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, वाहन झाडाखालून काढायचं. वादळ आलं की मेन स्विच बंद, लिफ्टला हात लावायचा नाही, खिडक्यांपासून दूर मधल्या खोलीत बसायचं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच वाचत नाही आणि दाब समान व्हावा म्हणून खिडकी उघडणं तर घातकच. वारा आत शिरला की छत आणि दारं आतून ढकलतो. आणि चक्रीवादळ डोक्यावरून जात असताना वारा अचानक पडला तर बाहेर पडू नये. तो मधला डोळा असतो. थोड्या वेळानं वारा उलट दिशेनं येतो आणि अर्धवट मोडलेलं सगळं त्यात कोसळतं. बाहेर लोंबणारी तार दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच समजू नये. लांबून १९१२ वर कळवावं. जिवाला धोका असेल तर ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७.

एवढं करूनही एका घराची आगोट अपुरीच पडते, कारण माझ्या घरावर पडणारी कुंडी वरच्या मजल्याची असते. म्हणून आमच्या सोसायटीत आम्ही दोन माणसं नेमली आहेत. वादळाच्या दिवशी एकानं फक्त हवामान विभागाचं पत्रक वाचायचं आणि तेवढंच गटावर टाकायचं; कुठल्याशा देशातली जुनी चित्रफीत ‘आत्ताची पनवेलची’ म्हणून आली तर ती तिथेच थांबवायची. दुसऱ्यानं प्रत्येक मजल्यावर जाऊन दार ठोठावायचं. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेलं आणि कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरवर पोचले, तेव्हा ही दोन माणसं पहिल्यांदा कामाला लागली. त्या दिवशी आमच्या इमारतीतून एकही वस्तू खाली पडली नाही. त्याच दिवशी मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले. इशारा आधी मिळूनही ते समुद्रात राहिले होते.

हे सगळं दिवाळी अंकात लिहायचं कारण आहे. पाऊस गेला की वादळं संपली असं आपण समजतो, पण अरबी समुद्राचे चक्रीवादळांचे हंगाम दोन आहेत: एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. १९४८ चं वादळ नोव्हेंबरातलं. ‘फयान’ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यातलं ‘क्यार’ महाचक्रीवादळ झालं तो २७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. नशिबानं ते किनाऱ्याकडे वळलं नाही. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिलं की या समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आहे. समुद्र तापतो आहे.

म्हणजे तुम्ही हे वाचत असताना दुसरा हंगाम चालू आहे. आज संध्याकाळी आकाशकंदिलाची वायर नीट करायला गॅलरीत जाल, तेव्हा ग्रिलमध्ये काय काय ठेवलं आहे ते एकदा पाहा, आणि कुंड्या आत घ्या.